सही करण्याआधी

मुलाला एमएस करायला अमेरिकेला पाठवायचं घरात ठरलं, की आईवडिलांना दोन माणसांना भेटावं लागतं. एक नाशिकचा किंवा पुण्याचा कन्सल्टंट. तो चहा पाजतो, भिंतीवरचे फोटो दाखवतो आणि ‘काका, आपल्या मुलाचं प्रोफाइल एकदम स्ट्राँग आहे’ म्हणतो. दुसरा बँकेतला कर्ज बघणारा अधिकारी. तो चहा पाजत नाही, कागद मागतो. मी तो दुसरा माणूस होतो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं संगमनेर परिसरातच गेली. आता निवृत्त झालोय, म्हणून त्या खुर्चीत बसून जे बोलता येत नव्हतं ते बोलतो.

अमेरिकेला पाठवू नका, असं सांगायला मी बसलेलो नाही. ज्याला जायचंय त्याने खुशाल जावं. पण मुलाला परत येता येईल अशा बेताने पाठवा, एवढंच माझं म्हणणं आहे. बहुतेक घरांत नेमकी तीच वाट आपण आपल्या हाताने बुजवतो, आणि तीही प्रेमापोटी.

फाइल कशी उघडते ते सांगतो. वडील कापडी पिशवीतून सातबारा आणि आठ-अ काढून टेबलावर ठेवतात. ‘बागायत आहे साहेब, निळवंड्याचं पाणी आलंय आता.’ तळेगाव-निमोणकडच्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना मलाही बरं वाटायचं. निळवंडे धरणाच्या ज्या कालव्यासाठी तिथल्या दोन पिढ्या थांबल्या, त्या डाव्या कालव्यात २०२३च्या मे अखेरीस चाचणीचं पाणी सुटलं. मग मला सांगावं लागायचं, की शेतजमिनीवर शैक्षणिक कर्ज बँका सहसा देत नाहीत. २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. हप्ते थकले तर इतर मालमत्तेसारखी ती कोर्टाबाहेर जप्त करून विकता येत नाही. बँकेला हवा असतो बिनशेती प्लॉट, फ्लॅट, राहतं घर किंवा मुदत ठेव. वडील गप्प होतात, बाहेर जाऊन दोन फोन करतात. आठवड्याने मामाचा घुलेवाडीचा फ्लॅट पुढे येतो, नाहीतर चुलत्याचा गुंजाळवाडीतला एनए प्लॉट. सर्च रिपोर्ट होतो, गहाणखत होतं. कायद्याने या माणसाची जमीन वाचवली आणि मेव्हण्याचं घर अडकवलं, असं मला दर वेळी वाटायचं. बोललो मात्र कधी नाही, कारण ते माझं काम नव्हतं.

आणि मुलगा? तो मधल्या खुर्चीत. ‘कोणत्या विषयात करणार?’ असं मी त्याला विचारलं, की उत्तर वडिलांकडून यायचं, ‘डेटा सायन्स.’ विद्यापीठ कोणतं? ते आई सांगायची. तिचं पाठ असायचं. ‘हाच विषय का?’ असं मी मुद्दाम मुलाकडे बघून विचारायचो. तो वडिलांकडे बघायचा. वडील माझ्याकडे बघून हसायचे, ‘जरा लाजाळू आहे.’ तेवीस वर्षांचा, मेकॅनिकल झालेला मुलगा लाजाळू नसतो हो. त्याला उत्तर येत नसतं, कारण प्रश्न त्याला घरात कुणी विचारलेलाच नसतो.

आता हे वडील हावरट आहेत का? अजिबात नाहीत. डाळिंबाला तेल्या पडला की बाग जाते, हे त्यांनी भोगलंय. दुधाचा भाव उतरला की गोठ्याचं गणित कसं कोसळतं ते रोज बघतायत. शिवाय एक गोष्ट आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलत नाही, ती म्हणजे शेती करणाऱ्या मुलाला आज मुलगी मिळत नाही. दहा एकर बागायत, दोन मजली बंगला, आणि वधू-वर मेळाव्यात त्याचा बायोडेटा बाजूला पडतो. त्याच मेळाव्यात ‘मुलगा अमेरिकेत’ असं माइकवरून म्हटलं, की पुढच्या रांगेतली मंडळी मागे वळून बघतात. त्या अमेरिकेत किती कर्ज आहे ते माइकवरून कुणी सांगत नाही.

शिवाय आपल्या डोळ्यांसमोर उदाहरणं आहेत. संगमनेरला अमृतवाहिनीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ साली निघालं आणि ज्यांच्या घरात कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्या घरांत इंजिनिअर झाले. त्यातले काही हिंजवडीला गेले, काही पुढे कॅलिफोर्निया-टेक्सासला. दिवाळीला येतात, गावाकडच्या बंगल्याला रंग लावून जातात. चुलत्याचा मुलगा २००१ साली गेला आणि त्याचं सोनं झालं, मग आपला का नाही जाणार? बापाच्या मनात हा हिशोब असतो, आणि तो चुकतो तोही इथेच. २००१चे नियम आज नाहीत.

ते आज कसे आहेत, हे कन्सल्टंट सांगतो, पण घाईघाईने. मी सावकाश सांगतो. शिक्षण संपलं की तिथे वर्षभर काम करायची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षं वाढवून मिळतात. पण पहिल्या वर्षी एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. नोकरी लागली तर पुढे एच-वन-बी हा कामाचा व्हिसा. त्याच्या वर्षाला ६५ हजार जागा, आणि अमेरिकेतच मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळ्या २० हजार. त्यासाठी सोडत निघते. २०२५च्या सोडतीत जवळजवळ साडेतीन लाख पात्र नावं होती आणि निवडली गेली एक लाख वीस हजार. हुशारीचा यात काही संबंध नव्हता. कॉम्प्युटरने चिठ्ठी काढली, संपलं. आता तर जास्त पगाराच्या जागेला झुकतं माप द्यायचं ठरलंय, म्हणजे नुकत्याच पास झालेल्या पोराची पंचाईत आणखी वाढली. १९ सप्टेंबर २०२५ला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी, बाहेरून नव्याने आणायच्या कर्मचाऱ्यामागे कंपनीने एक लाख डॉलर भरावेत, असा आदेश काढला. आधीच तिथे शिकत असलेल्या मुलांना तो भार लागू नाही असा खुलासा पुढे आला, पण मधल्या काळात आपल्याकडच्या किती आयांची झोप गेली!

एवढं पार पडलं तरी ग्रीन कार्ड राहतंच. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे एक लाख चाळीस हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्केच. भारताला सात आणि एवढ्याशा आइसलँडलाही सात. त्यामुळे २०२५ साली मास्टर्सवाल्या गटात ज्या भारतीयांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २०१३च्या आसपासचे होते. आज अर्ज करणाऱ्याचा नंबर कधी लागेल, हे सांगायला कुणी तयार नाही. तोवर नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान आवरायचं. घर तिथे घेतलेलं, पोरं तिथल्या शाळेत.

हे सगळं कळूनही जायचं असेल तर जावं. हजारो जण आजही नीट मार्गी लागतात. मला भीती वाटते ती कर्जाच्या आकड्याची.

एक साधा हिशोब मांडतो. चाळीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, वीस-वीस लाखांचे दोन वर्षांचे दोन हप्ते बँकेने दिले. शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नाही, म्हणून घरात सगळे निर्धास्त. पण व्याज कुठे थांबतंय? साध्या व्याजानेच त्या अडीच वर्षांत ८ लाख ४० हजार चढतात. मग ४८ लाख ४० हजार दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला पासष्ट हजारांच्या वर हप्ता. डॉलर कमावणाऱ्या पोराला हा हप्ता जड नाही, दोन-तीन मित्रांत खोली घेऊन राहिला तर पाच वर्षांतही मोकळा होईल. पण हेच पोर सोडतीत नाव न लागल्यामुळे पुण्याला परत आलं आणि चाळीस-पन्नास हजारांच्या नोकरीला लागलं तर? पगार सगळा दिला तरी हप्ता भरत नाही. म्हणजे हे कर्ज फक्त डॉलरमध्येच फिटतं. सही करताना बापाच्या हे लक्षात येत नाही. पोराच्या मात्र तिथे पोचल्यावर पहिल्याच हिवाळ्यात येतं.

आणि तिथून पुढे मुलगा खोटं बोलायला लागतो.

मी हे बँकेच्या बाजूने पाहिलंय. खातं सुरुवातीला चोख चालतं. मग एका महिन्याचा हप्ता उशिरा येतो, पुढच्या महिन्याचा अर्धाच. आम्ही मुलाला मेल करतो, उत्तर नाही. नियमाप्रमाणे सहकर्जदाराला पत्र जातं, आणि सहकर्जदार म्हणजे वडील. एक गृहस्थ असंच पत्र हातात धरून आले. बसायच्या आधीच म्हणाले, ‘साहेब, तुमच्या कॉम्प्युटरची काहीतरी गडबड आहे. पोरगा चांगल्या कंपनीत आहे, कालच व्हिडिओ कॉल झाला.’ मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते खूप वेळ बघत राहिले. नंतर जे बाहेर आलं ते असं: कंपनी सात महिन्यांपूर्वीच सुटली होती. मुलगा एका ओळखीच्याच्या दुकानात रोखीवर काम करत होता, म्हणजे व्हिसाच्या नियमांबाहेर. व्हिडिओ कॉलला दर रविवारी तोच इस्त्रीचा शर्ट घालून बसत होता. आईने एकदा विचारलं होतं म्हणे, ‘बारीक झालास का रे?’ त्याने सांगितलं, जिम लावलीय.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या बाजूने बघा. मामाचा फ्लॅट गहाण, बहिणीचं लग्न पुढे ढकललेलं, गावात पेढे वाटून झालेले, वडिलांनी विमानतळावर जायला दोन गाड्या केलेल्या. एवढं सगळं पाठीवर घेऊन गेलेला पोरगा ‘जमत नाहीये, येतो’ हे कुठल्या तोंडाने म्हणेल? म्हणून तो तिथे कुढत राहतो. कुणी खोट्या अनुभवाचा बायोडेटा करून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या नादी लागतो. कुणी कागदावर विद्यार्थी राहायला मिळतं म्हणून कुठल्यातरी कॉलेजात पैसे भरतो. २०१९च्या जानेवारीत मिशिगनमधलं ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ तिथल्या सरकारनेच लावलेला सापळा निघाला, तेव्हा पहिल्या झटक्यात पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ भारतीय होते. सगळी पोरं चोर होती असं मी मानत नाही. परतीचं तिकीट काढायची ज्यांची छाती नव्हती, असेही त्यात असणार.

चोरवाटेने जाण्याचा प्रकार आपल्याकडे पंजाब-गुजरातइतका नाही. पण ५ फेब्रुवारी २०२५ला अमृतसरला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना हातकड्या घालून घेऊन उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. ते बातम्यांत बघून आपण हळहळलो. कर्जाने बांधलेली पोरं मात्र बातम्यांत येत नाहीत.

मला या सगळ्यात राहून राहून गोपाळराव जोशी आठवतात. आनंदीबाईंचे यजमान. मराठी घरातलं अमेरिकेचं पहिलं मोठं स्वप्न बहुधा त्यांचंच. त्यांनी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला अमेरिकेत पत्र लिहिलं. त्यात बायकोच्या वैद्यकीय शिक्षणाची चौकशी होती आणि स्वतःला तिकडे एखादी नोकरी मिळेल का, ही विचारणाही होती. वाइल्डरने ते पत्र आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि पुढचा इतिहास घडला. १८८३च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत चढली. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने गेली. बावीस पूर्ण व्हायलाही महिना बाकी होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली जागा तिची वाट बघत राहिली.

शाळेत आपल्याला यातला डॉक्टरकीचा भाग शिकवतात, आणि तो शिकवायलाच हवा. पण तिने अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं एक पत्रही उपलब्ध आहे. त्यात दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं यांची तिने शांतपणे आठवण करून दिली आहे. अभ्यासासाठीच होतं ते सगळं. गोपाळराव वाईट होते असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्या काळात बायकोला शिकवायला केवढी हिंमत लागत होती! पण आपली महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या अंगावर घालताना ते अंग किती कोवळं आहे, हे त्यांनी बघितलं नाही. आनंदीचं वेगळं होतं. चौदाव्या वर्षी झालेलं दहा दिवसांचं मूल गेलं, हे तिचं स्वतःचं दुःख होतं आणि बायकांना बाई डॉक्टर हवी ही तिची स्वतःची खात्री होती. थंडीत, अर्धपोटी, आजारपणात ती त्या खात्रीवर टिकली असं मला वाटतं. आपल्या पोरांपाशी तेवढं स्वतःचं काही आहे का? लाजाळू म्हणून त्याची बाजू आपणच बोलत राहिलो, तर कळणार कसं?

पठार भागातल्या साकूरकडची एक मुलगी आली होती. वडील सोबत होते, पण मागच्या खुर्चीत. तिने स्वतः वहीत तक्ता करून आणला होता: तीन विद्यापीठं, तिघांची फी, त्या गावातलं घरभाडं, विम्याचा खर्च, आणि शेवटच्या रकान्यात ‘परत आले तर पुण्यात काय पगार’. सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठावर तिने काट मारली होती. मी विचारलं, ‘हे का सोडलंस?’ म्हणाली, ‘सर, तिथे गेले तर मला परत येता येणार नाही.’ दोन वर्षं पुण्यात नोकरी करून स्वतःचे काही पैसे तिने बाजूला टाकले होते. कर्ज मागितलं ते निम्मंच. मी नोकरीत इतक्या आनंदाने शिफारस क्वचितच लिहिली असेल. पुढे ती अमेरिकेत राहिली की परतली, ते मला ठाऊक नाही. खातं मात्र वेळेआधी बंद झालं.

मंडळी, ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांनी एवढं करा. कन्सल्टंटकडे जाताना मुलाला एकट्याला जाऊ द्या आणि परत आल्यावर तो काय सांगतो ते न तोडता ऐका. कर्जाचा आकडा पुण्याच्या पगारावर तपासा. त्यात बसत नसेल तर विद्यापीठ बदला किंवा दोन वर्षं थांबा. चोविसाव्याऐवजी सव्विसाव्या वर्षी गेलं तर काही बिघडत नाही, उलट कामाचा अनुभव असलेला पोरगा तिथे लवकर उभा राहतो. नातेवाइकाचं घर शक्यतो गहाण टाकू नका. बँकेच्या व्याजाचा दर ठरलेला असतो, नात्यातल्या उपकाराचा नसतो. व्हिसासाठी ‘महिनाभर खात्यात पैसे दाखवून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका. आणि मुलाला एक वाक्य तोंडाने, स्पष्ट शब्दांत सांगा: ‘नाही जमलं तर ये, कर्जाचं आपण मिळून बघू.’ आपल्याकडे बाप हे मनात म्हणतो आणि मुलाला ते कळलं असेल असं समजतो. नाही कळत. त्याला पेढे कळलेले असतात.

अलीकडे अमेरिकेचं अवघड झालं म्हणून लोक जर्मनीचं, आयर्लंडचं विचारायला लागलेत. देश बदललाय, मुलाला विचारायचं अजून राहिलंच आहे.

ज्यांची सही होऊन गेलीय, पोर तिकडे आहे आणि रविवारचा फोन हल्ली लवकर संपतो, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, शाखेत जाऊन खात्याचा उतारा स्वतः काढून बघा. तुम्ही सहकर्जदार आहात, तो तुमचा हक्क आहे. दुसरी, हप्ता चुकायला लागला असेल तर नोटिशीची वाट बघू नका. नव्वद दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीतात जमा होतं, तुमचा आणि मुलाचा दोघांचाही सिबिल बिघडतो आणि मग बँकेचेही हात बांधले जातात. त्याच्या आधी लेखी अर्ज दिला तर मुदत वाढवून हप्ता खाली आणायचा विचार होऊ शकतो. मागायला लाजू नका, लोक मागतात. उतारा हातात आला की रात्री मुलाला फोन लावा. आधी आकडा तुम्ही सांगा, म्हणजे त्याला शर्ट बदलून बसावं लागणार नाही.